बर्फ तुम्ही विकता, मग बर्फ पडला की आपत्ती कशी? सहल कंपन्यांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या सहल कंपन्यांचे मालक, संचालक आणि त्यांच्या जाहिराती लिहिणारे यांना,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी संपली की तुमच्या पानभर जाहिराती सुरू होतात. यंदाही झाल्या. निळं आकाश, पांढरा डोंगर, लाल कोटातली एक मुलगी दोन्ही हातांनी बर्फ उधळतेय आणि खाली ठळक अक्षरांत नाताळच्या सुट्टीतल्या बर्फाच्या धमालीचं आमंत्रण. मी ते पान नीट वाचलं आणि कपाटातून गेल्या वर्षीची कार्यक्रमपत्रिका काढली. शिमला, मनाली, डिसेंबरचा शेवटचा आठवडा. मनालीच्या दुसऱ्या दिवशी ‘सोलंग व्हॅली, अटल टनेल, सिस्सू’. दोन्ही कागद शेजारी ठेवून ताडून पाहिले. दर वाढलाय. बाकी एक शब्द इकडचा तिकडे झालेला नाही.

आम्ही ज्या कंपनीबरोबर गेलो होतो तिचं नाव मी इथे घेणार नाही. यंदा नाशिकमधून आणखी काही कंपन्यांच्या पत्रिका मागवून पाहिल्या. सगळ्यांचा तोच दिवस, तोच रस्ता आणि मागच्या पानावर बारीक टायपात तीच अट. एकीला नावं ठेवून बाकीच्यांना मोकळं सोडावं असं मला वाटत नाही.

२७ डिसेंबर २०२४, शुक्रवार. तुमच्या हिमाचल विभागात काम करणाऱ्या कुणालाही ही तारीख वेगळी सांगायला नको. त्या दिवशी सोलंगला सुमारे हजार गाड्या अडकल्या आणि कुल्लू पोलिसांनी जवळपास पाच हजार माणसं तिथून खाली आणली. त्या पाच हजारांत आम्ही होतो: मी, माझे यजमान, सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई, शाळकरी भाची आणि टेम्पो ट्रॅव्हलरमधली बाकी मंडळी. कुणी पंचवटीचे, कुणी सिन्नरचे. घरी परतल्यावर आम्ही सगळ्यांनी सह्या करून कंपनीला तक्रार दिली. बरीच आठवण करून दिल्यावर उत्तर आलं. हिमवृष्टी ही नैसर्गिक आपत्ती असल्यामुळे कंपनी जबाबदार नाही, अटी व शर्ती पाहाव्यात.

बर्फाला आपत्ती म्हणायला माझी हरकत नाही. पण मग आपत्तीचं तिकीट विकू नका. ज्या गोष्टीसाठी तुम्ही उन्हाळ्यापेक्षा जास्त दर लावता, जिचा फोटो छापता, जी ‘बघायला मिळेलच’ असं तुमची काउंटरवरची मुलगी छातीठोकपणे सांगते, तीच गोष्ट डोंगरावर पडली की तुमच्या लेखी ती आकाशातून आलेलं अनपेक्षित संकट होते. आंबेवाल्याने आंबा पिकला म्हणून हात वर करावेत, तसं हे झालं.

आता तक्रारी. पत्रात लिहिल्या होत्या त्याच आहेत, फक्त आता चारचौघांत.

सगळ्यात आधी, तुम्हाला माहीत होतं. चारच दिवसांपूर्वी, २३ डिसेंबरला, सोलंग ते अटल टनेल याच पट्ट्यात सुमारे हजार गाड्या बर्फात अडकल्या होत्या आणि पोलिसांनी सातशेच्या आसपास पर्यटकांना सोडवलं होतं. घसरणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ आम्ही नाशिक रोडच्या फलाटावर गाडीची वाट बघत पाहत होतो. माझ्या यजमानांनी तिथूनच तुमच्या ऑफिसला फोन केला. ‘काका, रस्ता मोकळा झालाय, काळजी करू नका’ असं उत्तर मिळालं. पुढच्या हिमवृष्टीचा इशाराही हवामान खात्याने आधीच दिला होता. हे इशारे कुणासाठी असतात? पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. शेतकरी बघतो, मच्छीमार बघतो. डोंगरात माणसं घेऊन जाणाऱ्याने तो रोज सकाळी बघायला नको का? मोबाइलवर फुकट दिसतो.

आमचा टूर मॅनेजर तो बघत होता, हे मुद्दाम सांगते. साताऱ्याकडचा पोरगा, फार तर चोवीस-पंचवीसचा. कोकण आणि केरळच्या सहली केलेला, बर्फ बहुधा आमच्याबरोबरच पहिल्यांदा बघत असावा. सकाळी नाश्त्याला हॉटेलवाला त्याला म्हणाला, आज वर नका जाऊ, ढग वेगळे आहेत. पोराने कोपऱ्यात जाऊन पुण्याला फोन लावला. मी शेजारच्याच टेबलावर होते, त्यामुळे त्याची बाजू ऐकू येत होती. ‘हो सर. नाही सर, पण हॉटेलवाले म्हणतायत… हो, ब्रोशरमध्ये आहे सर. रिफंड मागतील, हो. ठीक आहे सर.’ मग तो वळला आणि हसून म्हणाला, चला मंडळी, आज बर्फाचा दिवस!

त्या फोनवर मी नंतर बराच विचार केला. माझी मुख्य तक्रार त्याच फोनमध्ये आहे, म्हणून इथे जरा थांबते. त्या मुलाला कळत होतं की जाऊ नये. पुण्यातल्या साहेबांनाही कळत असणार. पण दिवस रद्द केला तर काय, याचं उत्तर तुमच्या पत्रिकेत कुठेच नाही. पर्यायी कार्यक्रम नाही, त्या दिवसाचे पैसे किती ते नाही, रद्द करायचा अधिकार कुणाचा ते नाही. गाडी वर नेली आणि अडकली तर ती ‘नैसर्गिक आपत्ती’, कंपनीला खर्च शून्य. गाडी नेलीच नाही तर ‘सेवेत कमतरता’, प्रवासी पैसे मागणार. दोन्हींत स्वस्त काय? गाडी वर नेणं. तुमच्या अटींनीच गाड्या डोंगरावर ढकलल्या जातात. त्या अटी कुणा वाईट माणसाने लिहिल्या असतील असं मी म्हणत नाही. बहुधा कुणी वकिलाने लिहिल्या असतील, ज्याने सोलंगचा रस्ता कधी पाहिलेला नाही.

आता तो रस्ता. मनालीहून सोलंग तेरा-चौदा किलोमीटर. मनाली दोन हजार मीटरच्या थोडं वर, सोलंग अडीच हजारांच्या आसपास आणि टनेलचं दक्षिण तोंड ३,०६० मीटरवर. हे टनेल ३ ऑक्टोबर २०२०ला सुरू झालं. ९.०२ किलोमीटर लांब, मनाली–लेह अंतर ४६ किलोमीटरनी कमी करणारं, सीमा सडक संघटनेचं अभिमान वाटावं असं काम. टनेलपलीकडच्या लाहौल खोऱ्यातल्या लोकांसाठी ते जीवनवाहिनी आहे; पूर्वी वरची रोहतांग खिंड बंद झाली की त्यांचा सहा महिने जगाशी संपर्क तुटायचा. आजारी माणसाला हेलिकॉप्टरची वाट बघावी लागायची. त्या टनेलला तुम्ही ‘साईटसीइंग पॉइंट’ केलंत. माझ्या माहितीप्रमाणे त्यात बघण्यासारखं आहे ते एवढंच, की आत शिरताना ऊन असतं आणि बाहेर पडताना कधीकधी हिमवादळ असतं.

रोहतांग खिंडीवर दिवसाला किती पर्यटक गाड्या जाव्यात याला राष्ट्रीय हरित लवादाने मर्यादा घातली आहे, १,२०० गाड्या, आणि परवाना ऑनलाइन काढावा लागतो. सोलंग-टनेलच्या रस्त्यावर नाताळात तशी मर्यादा नव्हती. हिवाळ्यात रोहतांग बंदच असतो, म्हणून ती सगळी गर्दी या एका रस्त्यावर उतरते. मर्यादा घालणं तुमच्या हातात नाही, कबूल. पण मर्यादा नाही हे तुम्हाला माहीत असतं आणि तरीही सगळ्या कंपन्या आपापल्या गाड्या एकाच दिवशी, एकाच वेळी, एकाच रस्त्यावर सोडतात. तुमच्या संघटना आहेत, अधिवेशनं होतात, पुरस्कार दिले जातात. कुणी कोणत्या दिवशी वर जायचं एवढं आपसात ठरवायला कुणाची परवानगी लागत नाही.

वेळेचंही तसंच. दुपारी ऊन पडलं की रस्त्यावरचा बर्फ विरघळतो आणि सूर्य डोंगराआड गेला की त्याच पाण्याची काच होते. तिथले ड्रायव्हर त्याला ब्लॅक आइस म्हणतात. ती दिसत नाही, डांबर ओलं आहे असंच वाटतं. म्हणजे वर जायचं तर सकाळी लवकर आणि उतरायचं तर दुपारी दोनच्या आत. मनालीतल्या कुठल्याही टॅक्सीवाल्याला विचारा. आमची गाडी हॉटेलातूनच उशिरा निघाली आणि मग रस्त्यातल्या एका दुकानासमोर थांबली. कोट, गमबूट, हातमोजे भाड्याने. त्या रस्त्यावर अशी नंबर घातलेली दुकानंच दुकानं आहेत आणि गाडी ठरलेल्याच दुकानापुढे थांबते. का ते तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. सासूबाईंच्या मापाचा गमबूट सापडेपर्यंत वरचं आकाश राखाडी झालं होतं. ‘उबदार कपड्यांची सोय’ असं पत्रिकेत होतं, पण भाडं वेगळं द्यावं लागेल हे नव्हतं. रक्कम किरकोळ होती, वेळ किरकोळ नव्हता.

गाडीबद्दल. टेम्पो ट्रॅव्हलर, मागच्या चाकांवर चालणारी, टायर बऱ्यापैकी झिजलेले, स्नो चेन म्हणजे बर्फात टायरला बांधायची साखळी नाही. ड्रायव्हर पंजाबच्या सपाट प्रदेशातला, भला माणूस, सबंध सहलीत त्याने एकदाही आवाज चढवला नाही. पण बर्फावर उतारावरून गाडी कशी न्यायची हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. घसरायला लागली की त्याचा पाय ब्रेककडे जायचा. स्थानिक लोक काचेवर हात मारून ओरडत होते, ‘ब्रेक मत लगाओ, पहले गियर में छोड़ो!’ बर्फ पडला की पोलिस पुढे फक्त चेन लावलेल्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्या सोडतात, हा तिथला दर हिवाळ्यातला नेम आहे. पण आमची गाडी गेली तेव्हा बर्फ पडायला लागलेला नव्हता. तो पडला आम्ही वर असताना आणि मग नियमाचा काय उपयोग? नियमाआधी पोहोचलेली गाडी परत तर त्याच रस्त्याने येणार.

त्यानंतरच्या तासांबद्दल फार लिहिणार नाही असं ठरवलं होतं. पण तुमच्या उत्तरात ‘प्रवाशांना झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असा शब्द आहे. गैरसोय म्हणजे नेमकं काय, ते तुमच्या फायलीत असायला हवं.

दुपारनंतर रांग हलायची थांबली. पुढच्या कुणीतरी ओव्हरटेक करून दुसरी रांग केली होती, मग तिसरी. समोरून येणारी गाडी आणि वर जाणारी गाडी एकमेकींच्या तोंडाशी येऊन उभ्या. गाडीत पाण्याच्या बाटल्या प्रत्येकी एक, तीही सकाळची. खायला पॅक लंच नव्हतं, कारण जेवण मनालीला परतून होतं. सासूबाईंना मधुमेह आहे. इन्सुलिन घेऊन जेवण न मिळणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात तो आजार आहे त्यांना विचारा. त्यात इन्सुलिन गोठलं की निकामी होतं, म्हणून ते पेन मी ब्लाउजमध्ये, अंगाशी धरून बसले होते. सिन्नरच्या वहिनींनी पिशवीतले शेंगदाण्याचे लाडू काढले आणि त्यावर सगळी गाडी तरली. हे लाडू तुमच्या पत्रिकेत नव्हते.

बायकांची गोष्ट कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. त्या सबंध पट्ट्यात वापरण्याजोगं एक शौचालय आम्हाला सापडलं नाही. पुरुष दरीच्या कडेला जाऊन येत होते. बायका पाणी प्यायच्या बंद झाल्या. शेवटी आम्ही चौघी-पाचजणी शाली धरून आडोसा करायचो आणि एकेक जण गुडघाभर बर्फात जायची. भाचीची त्याच दिवशी पाळी सुरू झाली होती. ती रडली नाही, पण त्यानंतर फारशी बोललीही नाही. सासूबाईंना दोघींनी धरून न्यायला लागायचं, त्यांचा पाय एकदा घसरला. नशीब, हाड मोडलं नाही. हे सगळं ‘फॅमिली टूर’ या नावाखाली घडलं.

आणि एक गोष्ट, जी मला खाली आल्यावर कळली आणि अजूनही झोपेतून उठवते. थंडी वाढली तसा ड्रायव्हरने इंजिन चालू ठेवून हीटर लावला आणि सगळ्या काचा घट्ट बंद केल्या. आम्हाला तर बरंच वाटलं. थोड्या वेळाने एका स्थानिक मुलाने काच ठोकली, खाली उतरवून मागे नेलं आणि दाखवलं. सायलेन्सरभोवती बर्फ साचत आला होता. ‘आंटी, शीशा थोड़ा खुला रखो, नहीं तो सो जाओगे.’ सो जाओगे म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नाही. जानेवारी २०२२मध्ये पाकिस्तानात मरीला, इस्लामाबादपासून फार दूर नाही असल्या पर्यटनस्थळी, अशाच बर्फात अशाच रांगेत अडकलेल्या गाड्यांमध्ये बावीसहून कमी नाहीत इतकी माणसं मेली. काही थंडीने आणि काही गाडीत साठलेल्या कार्बन मोनॉक्साइडने. या वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. तुमच्या टूर मॅनेजरच्या प्रशिक्षणात हे आहे का? ड्रायव्हरला सांगितलंय का? एका अनोळखी मुलाने काच ठोकली म्हणून मी आज हे पत्र लिहिते आहे. तो तुमच्या पगारावर नव्हता.

या सगळ्या वेळात तुमचा ‘चोवीस तास सेवेत’ असलेला क्रमांक आधी व्यस्त होता, मग रेकॉर्ड केलेला आवाज यायला लागला. साताऱ्याच्या पोराच्या फोनची बॅटरी संपली. त्याने स्वतःचं जॅकेट सासूबाईंच्या पायांवर टाकलं आणि स्वेटरवर बर्फात उभा राहून गाड्या मागे घ्यायला मदत करत राहिला. अंधार पडल्यावर पोलिस आले. म्हाताऱ्यांना आणि लहानांना फोर बाय फोरमध्ये बसवून आधी खाली नेलं, बाकीचे टॉर्चच्या उजेडात चालत उतरले. पोलिसांचे, तिथल्या टॅक्सीवाल्यांचे आणि रस्त्यात चहा देणाऱ्या घरांचे आभार मी वेगळ्या पत्राने मानले आहेत. त्या पोराला तुम्ही नंतर नोटीस दिली असं ऐकलं. खरं असेल तर ती आधी मागे घ्या. बाकीच्या मागण्या त्यानंतर वाचा.

तुम्ही म्हणाल, मागणी तुमचीच असते, लोकांना नाताळातच बर्फ हवा असतो. असतो. मुलांना तेव्हा सुट्टी असते, पालकांना रजा मिळते. पण गिऱ्हाइकाला काय हवं आणि काय देता येतं, यातला फरक सांगायचे पैसेच आम्ही तुम्हाला देतो. नाहीतर हॉटेल आणि गाडी आज कुणीही फोनवर बुक करतं. आम्ही कंपनीबरोबर जातो कारण सासूबाई बरोबर असतात, भाची बरोबर असते आणि कुणीतरी जाणता माणूस ‘आज नको’ म्हणेल असा भरवसा असतो.

यंदा तर आणखी काळजी. ऑगस्ट २०२५च्या पुरात बियास नदीने कुल्लू–मनाली महामार्ग ठिकठिकाणी तोडला. म्हणजे वर जाम झाला तर मदत येण्याचा खालचा रस्ताही दुखावलेला आहे. तरी पत्रिकेत तोच दिवस, तीच वेळ.

तर मागण्या अशा.

बर्फाचा दिवस पत्रिकेत ‘हवामान असेल तर’ असा लिहा, ठळक टायपात, पुढच्या पानावर. त्याच्या शेजारीच पर्यायी दिवस छापा. नग्गरचा जुना राजवाडा आहे, रशियन चित्रकार रोरिक यांचं चित्रदालन आहे, वसिष्ठचे गरम पाण्याचे झरे आहेत, देवदारांतलं १५५३चं हिडिंबा मंदिर आहे. हे सगळं सोलंगच्या खाली आहे आणि तुमच्या निम्म्या पत्रिकांत घाईघाईत उरकलेलं असतं. लोक नाराज होणार नाहीत. आधी सांगितलेलं असलं तर मुळीच नाही.

बर्फाच्या दिवसाचे माणशी किती पैसे धरलेत ते वेगळं दाखवा. दिवस रद्द झाला तर तेवढे परत, वाद न घालता. सगळ्यात महत्त्वाची मागणी हीच, कारण पैशाचा प्रश्न आधीच मिटलेला असेल तर पुण्याला फोन करून कुणाला परवानगी मागावी लागणार नाही.

नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी मनालीच्या वर गाडी नेऊ नका. आणि इशारा नसतानाही टूर मॅनेजर ‘नको’ म्हणाला तर त्याचा शब्द शेवटचा. त्यासाठी त्याला नंतर जाब विचारला जाणार नाही हे लेखी द्या, त्याला आणि आम्हालाही.

हिवाळ्यात सोलंगच्या पुढे फक्त स्थानिक ड्रायव्हर आणि चेन असलेली फोर बाय फोर. तिचं भाडं मूळ दरात धरा, ऐनवेळी माणशी गोळा करू नका. कोट-बुटांचा थांबा आदल्या संध्याकाळी उरका. दुपारी दोनला परतीची गाडी, कुणाचा फोटो राहिला असेल तरी.

गाडीत कांबळी, पाणी, कोरडा खाऊ, टॉर्च, फावडं, प्रथमोपचाराची पेटी, सॅनिटरी पॅड आणि आडोशाला एक घडीचा तंबू. शेवटच्या दोन गोष्टींवर कुणी हसलं तर त्याला बायकोला विचारायला सांगा. ड्रायव्हर आणि मॅनेजर दोघांना सायलेन्सरचं आणि काचेचं निघण्याआधी सांगा.

हिवाळी सहलींच्या काळात एक जिवंत माणूस फोनवर बसवा.

आणि ‘नैसर्गिक आपत्ती’ या अटीतून हिमवृष्टी काढा. भूकंप ठेवा, पूर ठेवा, दरड ठेवा. हिमवृष्टी तुमच्या मालाच्या यादीत आहे, ती अपवादांच्या यादीत राहू शकत नाही.

मागच्या पानावर आणखी एक ओळ असते, सर्व वाद अमुक एका शहराच्या न्यायालयाच्या अखत्यारीत. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायची मुभा दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि ऑनलाइनही करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. हे तुम्हाला धमकावायला लिहीत नाही, तुमच्या वकिलांना ठाऊकच असेल. माझ्यासारख्या ज्या वाचकांनी ती बारीक ओळ वाचून हात टेकले असतील, त्यांच्यासाठी लिहिते आहे. आमच्या गाडीतल्या मंडळींची तक्रार नाशिकच्या आयोगासाठी तयार आहे. तुमचं उत्तर येईपर्यंत ती थांबवली आहे.

उत्तर लेखी हवं, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे ज्यांनी यंदाचं बुकिंग केलंय त्यांना निघण्याआधी वाचता येईल. फोनवर ‘काका, काळजी करू नका’ चालणार नाही.

आपली,
नाशिकची एक प्रवासी